अंश, मिनिटे, सेकंद

गाडीतल्या रस्ता दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर अंश, मिनिटे आणि सेकंद असे तीन रिकामे रकाने होते. नणंदेच्या मुलीचे लग्न होते आणि भाचीला बोहल्यावर मामाने न्यायचे, म्हणून आम्हाला मुहूर्ताआधी पोहोचणे भाग होते. नणंदेने कार्यालयाचे अक्षांश-रेखांश पाठवले होते, पण दशांशात. यजमानांनी दशांशचिन्हापुढचे पहिले दोन आकडे मिनिटांत भरले आणि उरलेले दोन सेकंदांत. अंशाची मिनिटे साठ असतात, शंभर नव्हेत, हे मला शाळेपासून ठाऊक होते.

"अहो, हे असं नसावं बहुधा," मी म्हणाले.

"तू गप्प बस गं. मशीनला कळतं सगळं."

त्याला काहीही कळत नव्हते. रकाने भरले, एवढ्यावरच यंत्र संतुष्ट होते. असला क्षुद्र संतोष मी माणसांतही पुष्कळ पाहिला आहे. रकाना रिकामा राहिला तर ती अस्वस्थ होतात, चुकीचा भरला तर नाही.

दीड तासाने एका उजाड माळावर यंत्र गोड आवाजात म्हणाले, "आपण पोहोचला आहात." समोर दोन म्हशी चरत होत्या. तेवढ्यात नणंदेचा फोन आला.

"दादा, किती वाट बघायची रे? शेवटी शेजारच्या काकांनी नेलं तिला बोहल्यावर."

यजमानांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "मशीनच भिकार आहे. नाही का?"

मी "हो" म्हणाले. इतके लाचार उत्तर त्या यंत्रानेही दिले नसते.