फेस बसेपर्यंत

"ह्यो मानूस निवडून आला तर म्हशीला बी पावती मागंल," माझ्या मागे उभा असलेला एक जण शेजाऱ्याला म्हणाला आणि दोघंही खुदखुदले. मी वळून पाहिलं नाही. ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते माझ्या वडिलांचे मावसभाऊ, आमचे काका, समोर दूधकट्ट्यावर स्टुलावर उभे होते. मला आतून वाटत होतं की तो माणूस फारसं चुकीचं बोलत नाही.

निवडणुकीला उभे राहिलेले लोक मी पुढेही पुष्कळ पाहिले, पण मतदाराला तोंडावर नाही म्हणणारा उमेदवार अख्ख्या कोल्हापुरात एकच झाला आणि तो आमच्या घरात. काका संस्थानच्या खजिन्यात कारकून होते. संस्थान मुंबई राज्यात गेलं, काका घरी बसले, पण खजिना त्यांच्या अंगातून गेला नाही. काकूंनी पाहुण्यांना जेवायला थांबवलं की बाहेरच्या खोलीतून हळूच प्रश्न यायचा, "तरतूद आहे का?" काकू आतून पाहुण्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "पिठल्याची हाय. मटणाची तुम्ही करा." माझ्या आत्याच्या लग्नात वरातीचा घोडा त्यांनी देवळापासूनच परत पाठवला, कारण घोड्याची मंजुरी तिथपर्यंतचीच होती. नवरदेव पुढे चालत आला. आत्याचे सासरे कित्येक वर्षं काकांशी बोलत नव्हते आणि काकांना त्याचं कारण कधी कळलं नाही.

विधानसभेला ते अपक्ष उभे राहिले ते एकाच हट्टापायी. सरकारचं अंदाजपत्रक साध्या माणसाला समजलं पाहिजे. "सोयी मागणारा आणि कर भरणारा एकच आहे, एवढं पटलं की झालं," असं ते म्हणत. मुंबईहून मागवलेलं ते जाड पुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मला ते 'मिस' म्हणत. नन्सच्या शाळेत मी कविता पाठ केल्या होत्या, भरतकाम शिकले होते, चहाचा कप कसा धरावा हेही शिकले होते, पण राज्याला तूट येते म्हणजे काय होतं हे मला ठाऊक नव्हतं. शब्द मी वाचायचे आणि अर्थ ते सांगायचे. मला बोलायला वेळ लागतो. घरात बाकीचे माझी वाक्यं माझ्याआधी पुरी करून मोकळे होत. काका मात्र चष्मा पुसत बसून राहायचे. "सावकाश, मिस. फेस बसू दे," म्हणायचे.

प्रचारात त्यांनी कुणालाच निराश केल्याशिवाय सोडलं नाही. गुळाच्या व्यापाऱ्यांनी विक्रीकर काढून टाकायची मागणी केली. काका म्हणाले, "काढू की. खेड्यातली कुठली शाळा बंद करायची तेवढं सांगा." व्यापाऱ्यांनी चहा पाजला आणि निरोप दिला. दारूबंदीमुळे सरकारचं उत्पन्न बुडालं असं ते एका सभेत म्हणाले, तेव्हा मागच्या बाजूला शिट्ट्या वाजल्या. मग बंदी उठवायला आपला विरोध आहे, फक्त ते भोक कशानं बुजवायचं हे ठरवलं पाहिजे, असं ते म्हणाले आणि शिट्ट्या वाजवणारे उठून गेले. बंदीच्या बाजूचे आधीच गेले होते. तालमीत जाऊन तर त्यांनी कुस्तीच्या तिकिटावर थोडा जास्त कर बसवायला हरकत नाही असं सुचवलं. वस्ताद शांतपणे म्हणाले, "पावणं, लाल मातीत हुबं ऱ्हाऊन ह्ये बोलताय. चपला घाला आनि निघा."

आणि मग दूधकट्टा. संध्याकाळी म्हशी पेठेत आणायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि उबदार, फेसाळ पेला हातात द्यायचा, ही आमच्या गावची रीत. तिथे गर्दी आयतीच असते, म्हणून काकांनी शेवटची सभा तिथे घेतली. एक पेला भरून घेतला आणि उंच धरला. "हे राज्याचं अंदाजपत्रक. वर दिसतंय ते पुढाऱ्यांचं आश्वासन. आता जरा थांबा." सगळे थांबले. म्हशी रवंथ करत होत्या. फेस हळूहळू खाली बसला आणि दूध पेल्याच्या काठापासून बरंच खाली दिसू लागलं. "खरं आहे ते एवढंच," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच लोकांना काहीतरी समजलं होतं.

पेला भरून देणारा म्हातारा गवळी उठून उभा राहिला. "म्हंजी आमी फेस इकतो व्हय, काका?"

काकांनी समजावायचा प्रयत्न केला, पण दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाईक पेला हातात घेऊन फेस बसेपर्यंत थांबू लागलं आणि वर "भरा की अजून" म्हणू लागलं. काकांच्या अर्थकारणातली एवढी एकच सुधारणा अमलात आली. गवळ्यांची सगळी मतं गेली. बाकीचीही फारशी नव्हतीच. काका पडले, डिपॉझिट गेलं आणि पेठेत त्यांचं नाव 'फेसवाले' पडलं.

नावाचं त्यांना काही वाटलं नाही. पण त्यांनी 'तरतूद' म्हणणं सोडलं. काकूंनी साखर सांगितली की मुकाट्यानं आणायचे. पाहुणे आले तर "बसा, जेवूनच जा" म्हणायचे. काकू एकदा माझ्याजवळ म्हणाल्या, "आता कुनी ईचारत न्हाय, तर भाजीला मीठबी लागत न्हाय बघ." पुढच्या वर्षी अंदाजपत्रक छापून आलं त्या दिवशी काकांनी वर्तमानपत्राचं ते पान न वाचता माझ्या हातात दिलं आणि चरवी उचलली. "चल मिस, दूध आणू."

कट्ट्यावर तोच म्हातारा गवळी होता. त्यानं काकांसाठी पेला भरला, फेस बसू दिला, वर आणखी धार काढली आणि मगच पुढे केला. बाजूचा एक जण म्हणाला, "काय फेसवाले, यंदा भाषण न्हाय?" लोक हसले. काकाही हसले आणि पेल्यात पाहत राहिले. त्यांनी भर सभेत किती वेळा विचारलं होतं, "कुणाला काही विचारायचंय का?" आणि अंदाजपत्रकाबद्दल कुणीही कधी काही विचारलं नव्हतं. ते पान अजून माझ्या हातात होतं. वाटेत मी ते वाचलं होतं.

मी एक पाऊल पुढे झाले. काकांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी पेला खाली ठेवला आणि सवयीनं चष्मा पुसायला घेतला. मग त्या सगळ्या अनोळखी माणसांसमोर मी म्हणाले, "काका, यंदाची तूट भरायची कशानं?"