डाव्या मनगटावरची रेघ

या सदरातले अनुभव मी गेली सहा-सात वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर चुका काढायलाच वाचते. माझं कामच ते आहे. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये अठरा वर्षं झाली. समोरचा म्हणतो "आपोआप झालं", आणि आपण शोधून काढायचं की कुणी, कधी, कुठलं बटण दाबलं. आपोआप काही होत नाही, हे माझं मत होतं. अजूनही आहे... बहुतेक. तेव्हा जे झालं ते फक्त क्रमाने सांगते. अंगावर काटा येईल असं यात काही नाही, त्या अपेक्षेने वाचू नका.

आधी माझ्या छंदाबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. नोकरीच्या सुरुवातीला कंपनीने मला दीड वर्ष जपानला पाठवलं होतं. तिथे मी व्हिडिओ गेममधल्या पात्रांच्या रेझिनच्या, म्हणजे टणक प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या, मूर्ती पहिल्यांदा पाहिल्या. आम्ही त्यांना फिगर म्हणतो. वीतभर उंचीच्या, हाताने रंगवलेल्या, मोजक्याच काढलेल्या, प्रत्येकीच्या बैठकीखाली तिचा क्रमांक. येताना मी दोन घेऊन आले. "एवढी शिकलीस आणि बाहुल्या आणल्यास," एवढं बोलून आईने विषय संपवला. पण पुण्यात आयटी वाढत गेली तशी हा नाद असलेली मुलंमुलीही वाढली, आणि "ताई, घेण्याआधी एकदा बघून द्याल का?" असे फोन येऊ लागले. अस्सल की नक्कल, रंग मूळचा की नंतर मारलेला, कुठे तुटून जोडलेली आहे का... हे पाहून मी सही करून दोन पानी रिपोर्ट देते. जोड शोधायला यूव्ही टॉर्च वापरते, म्हणजे नोटा तपासायचा तो जांभळा दिवा. साध्या उजेडात न दिसणारा ग्लू त्या उजेडात पांढरट निळा चमकतो. माणसं खोटं बोलतात, ग्लू बोलत नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना ऐकवायचे.

पल्लवी मेश्रामचा फोन आला तो उन्हाळा सुरू व्हायच्या जरा आधी. ती एका गेम स्टुडिओत आर्टिस्ट होती, वय सव्वीस-सत्तावीस. कॅनडात नोकरी लागली होती, महिन्याभरात निघायचं होतं. अकरा फिगर होत्या. त्यांतली एक बंगलोरच्या एका कलेक्टरने घ्यायची ठरवली होती, पण माझा रिपोर्ट पाहूनच.

वाघोलीला तिचा फ्लॅट होता, सातव्या मजल्यावर. शनिवारी अकराच्या सुमारास पोहोचले. दार तिच्या वडिलांनी उघडलं. मेश्रामकाका मूळचे भंडाऱ्याचे, सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. पल्लवीची आई गेल्यावर आणि ते रिटायर झाल्यावर मुलीकडे येऊन राहिले होते. हॉलमध्ये काचेचं कपाट, वरच्या कप्प्यात बुद्धाची पितळी मूर्ती आणि खालच्या तीन कप्प्यांत तलवारी-भाले घेतलेली ही सगळी मंडळी. एकावरही धूळ नव्हती.

"बाबा पुसतात," पल्लवी म्हणाली. "दर रविवारी. दाढीच्या नव्या ब्रशने."

"मला तर यातल्या एकाचं नाव येत नाही जी," काका म्हणाले. "पण काम बारीक आहे. कोणीतरी जीव लावून केलेलं आहे."

पडदे ओढले आणि कामाला लागले. दहा फिगर निर्दोष. अकरावी म्हणजे ती बंगलोरला जायची होती ती, हातात कंदील धरलेली एक शिपाई मुलगी. टॉर्च तिच्या डाव्या हातावर गेला आणि मी थांबले. मनगटाभोवती पांढरी निळसर रेघ, पूर्ण गोल. अंगठ्याच्या बाजूला ग्लूचा एक थेंब फुगून सुकलेला. आणि करंगळीच्या खाली एक बारीक त्रिकोणी टवका उडालेला. नख फिरवलं. नखाला कंगोरा लागला.

"ही तुटून जोडलेली आहे," मी म्हटलं.

पल्लवी वाकून बघायला लागली. तिलाही रेघ दिसली. काकांनी चष्मा लावून पाहिली, त्यांनाही दिसली. हे मुद्दाम लिहिते आहे. त्या दिवशी ती रेघ तिघांनी पाहिली.

"शक्यच नाही. जपानहून थेट माझ्याकडे आलीये. बॉक्स मी स्वतः उघडलाय." मग ती सावकाश वडिलांकडे वळली. "बाबा... पुसताना पडली का?"

"नाही पोरी."

"पडली असेल तर पडली. मी काही म्हणणार नाही. फक्त सांगा."

"अगं, पडली असती तर सांगितलंच असतं ना."

"तुम्ही चष्म्याची दांडी जोडली ती सांगितली होती? मिक्सरचं भांडं जोडलं ते?"

काकांनी चष्मा काढून त्याची जोडलेली दांडी चाचपली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, माझ्या हातून हे झालेलं नाही जी."

मी त्यांना माझं ठरलेलं उत्तर दिलं. आम्ही अवस्था लिहितो, कारण लिहीत नाही. फोटो काढले, रिपोर्टमध्ये "डावे मनगट – जुनी दुरुस्ती" असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी पल्लवीला आणि त्या कलेक्टरला ईमेल केला. त्याने नकार कळवला. माझ्यापुरतं काम संपलं.

दिवाळीनंतर काकांचा फोन आला. "एकदा येऊन पाहून घ्याल का जी? जी काय फी असेल ती देतो." मी टाळत होते. मग ते म्हणाले, "मला फक्त एवढं जाणून घ्यायचं आहे, की माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही."

रविवारी चारला गेले. पल्लवीने बाकीच्या फिगर विकून टाकल्या होत्या, ही एकटीच कपाटात होती. चहा देता देता काकांनी जे सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. जाताना पल्लवी त्यांच्याशी नीट बोलली नव्हती. फोन करायची, पण दोन मिनिटं. राग फिगर तुटल्याचा नव्हताच. बाबा आपल्याशी खोटं बोलले, या एका गोष्टीने ती दुखावली होती. आणि काका रोज विचार करत होते, की तीन माणसांनी जोड पाहिला, घरात हात लावणारा मी एकटा... मग हे मीच केलं असणार आणि विसरलो असणार.

"डॉक्टरकडे जाऊन आलो," ते म्हणाले. "कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. ते म्हणतात सगळं बरोबर आहे. पण मग हे काय आहे? विसरलेलं माणसाला आठवत कुठे असतं, की आपण विसरलो म्हणून!"

मी पडदे ओढले. टॉर्च लावला.

रेघ नव्हती.

बॅटरी बदलली. भिंग घेतलं. थेंब नाही, टवका नाही, करंगळीच्या खाली रंग अखंड. नख फिरवलं तर अंड्यासारखं गुळगुळीत. पहिली शंका अर्थातच, फिगर बदलली. पण बैठकीखालचा क्रमांक तोच. उजव्या बुटावर कारखान्यात पडलेला पिवळ्या रंगाचा ठिपका होता, तोही माझ्या जुन्या फोटोतल्याच जागी, त्याच आकाराचा. लॅपटॉपवर जुना फोटो उघडला: रेघ, थेंब, टवका. समोर टेबलावर तीच मूर्ती: काही नाही. दीड तास मी ते आलटून पालटून पाहत बसले होते.

काका खुर्चीच्या कडेवर बसून होते. "काय आहे?" त्यांनी विचारलं.

त्या क्षणी माझ्यापुढे दोनच रस्ते होते. "मला समजत नाही" असं सांगायचं, म्हणजे हा माणूस आयुष्यभर स्वतःवर संशय घेत राहणार. नाहीतर...

"चूक माझी झाली, काका," मी म्हटलं. "तो जोड नव्हताच. पॅकिंगच्या चिकटपट्टीचा डाग असणार, वरवरचा. तुमच्या पुसण्याने गेला."

सहा वाजता, तिकडे सकाळ झाल्यावर, त्यांनी पल्लवीला व्हिडिओ कॉल लावला. मी टॉर्चखाली मनगट दाखवलं आणि चिकटपट्टीची तीच गोष्ट पुन्हा सांगितली.

"पण मी स्वतः पाहिली होती ती रेघ," ती म्हणाली.

"डागच होता. मला ओळखायला हवा होता. तुझ्या बाबांनी काही केलेलं नाही. हवं तर लेखी देते."

ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली. मग "बाबा" म्हणाली आणि रडायलाच लागली.

"राहू दे आता," काका म्हणाले. "जेवलीस का?"

"बाबा, इथे सकाळ आहे."

"मग नाश्ता केलास का?"

मी लेखी दिलं. माझा पहिला रिपोर्ट चुकीचा होता, असं सही करून. मला नखाला लागलेला कंगोरा पक्का आठवत होता, डागाला कंगोरा नसतो. इतक्या वर्षांत कागदावर खोटं लिहायची ती माझी पहिली वेळ. घरी जाताना वाईट मात्र वाटत नव्हतं, हेही सांगून टाकते.

इथवर असतं तर मी हे लिहिलं नसतं. मी चुकले, डागच होता, असं मी स्वतःलाही पटवत आणलं होतं.

पुढच्या वर्षी डिसेंबरात पल्लवी तीन आठवड्यांसाठी आली. जाताना ती फिगर बरोबर न्यायची होती. पॅकिंग नीट व्हावं म्हणून तिने मला बोलावलं. सकाळी दहाची वेळ, उन्हं थेट हॉलमध्ये आलेली. काकांच्या अंगात तिने कॅनडाहून आणलेला नवा लाल लोकरीचा स्वेटर होता आणि ते तो सारखा नीट करत होते. बापलेकींचं एकमेकांना टोमणे मारणं चालू होतं. ते ऐकून बरं वाटलं.

फोममध्ये मी खाच कापली होती. पल्लवीने फिगर आत बसवली, हात जरा वाकडा वाटला म्हणून परत ओढली... आणि कट् असा छोटासा आवाज झाला. डावा हात फोममध्ये राहिला.

मी तो अलगद काढून टेबलावर ठेवला. मग पल्लवी म्हणाली, "माझ्या हातून झालं."

"बरं झालं," काका म्हणाले. "माझ्या हातून झालं असतं तर पुन्हा वर्षभर दोन मिनिटांचेच फोन."

ती हसली, डोळे भरलेले असतानाच. मनगटातून एक कपचा उडाला होता. आम्ही तिघांनी फरशी पालथी घातली, सोफा सरकवला, झाडू फिरवला. नाही सापडला. काकांनी ड्रॉवरमधून ग्लूची ट्यूब आणली. चाळीस वर्षं नकाशे काढलेला हात, जराही थरथरला नाही. मूर्तीचा तुटलेला हात मनगटाला लावून धरला, तेव्हा जोडातून एक थेंब बाहेर आला. अंगठ्याच्या बाजूला.

"पुसू का?" पल्लवीने विचारलं.

"नको, रंग निघेल," काका म्हणाले.

मी त्या थेंबाकडे पाहत होते. ग्लू सुकल्यावर उठून पडदे ओढले, टॉर्च लावला, आणि लॅपटॉपवर पावणेदोन वर्षांपूर्वीचा फोटो उघडून शेजारी ठेवला. रेघ, थेंब, करंगळीच्या खालचा त्रिकोणी टवका. पल्लवीने नवा फोटो काढून लॅपटॉपवर घेतला आणि तिच्या कामातल्या सवयीने त्याची चौकट जुन्यावर बसवून पाहिली. तसूभरही फरक नाही. मग तिने जुना फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. सुकलेल्या थेंबात एक तंतू अडकलेला होता. मी कधी पाहिला नव्हता तो. लाल, लोकरीचा.

तिने वडिलांच्या स्वेटरच्या बाहीकडे पाहिलं. मग समोरच्या मनगटावर भिंग धरलं. तिथेही होता.

"म्हणजे ताई... तेव्हा तुम्ही चुकला नव्हता," ती म्हणाली.

काका मात्र शांत होते. त्यांनी भिंगातून दोन्हीकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "माझं डोकं ठिकाणावर आहे, एवढं पक्कं झालं ना? मग चहा ठेवतो."

मी माझ्या परीने सगळं तपासलं. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं असेल म्हणावं, तर तो फोटो त्या वेळीच ईमेलने बंगलोरला गेलेला आहे. त्या कलेक्टरकडून तो ईमेल परत मागवला. तारीख तीच, फोटो तोच, तंतूसकट. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला, नाव न सांगता, फाइल दाखवली. "काही छेडछाड नाही," तो म्हणाला. त्यापुढे मला काही करता आलेलं नाही.

एक गोष्ट मात्र केली. जुने सगळे रिपोर्ट काढून बसले. मी जोड दाखवला आणि मालकाने "कधीच पडलेली नाही" असं शपथेवर सांगितलं, अशा चार केसेस निघाल्या. चौघांनाही मी मनातून खोटारडं ठरवलं होतं. एकाला तर तोंडावर म्हणाले होते, "सगळे असंच सांगतात." पिंपळे सौदागरचा मुलगा, त्याच्या ड्रॅगनचा उजवा पंख. पंख कसला, चांगलं किलोभर वजनाचं धूड. गेल्या महिन्यात त्याला फोन केला.

"तो पंख कसा आहे?" मी विचारलं.

"मस्त आहे की! मी तेव्हाच सांगितलं होतं, ताई, तो पडलेलाच नाही. आता तर अजून जपतो. मुलगी चालायला लागलीये ना, म्हणून एकदम वरच्या फळीवर ठेवलाय. खाली तिचं खेळायचं असतं."

"खाली काढ," मी म्हटलं. "आत्ता. फोन ठेवू नकोस, आधी काढ."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "काढला. पण का?"