तिनं खातं जमा केलं नाही

आमच्या ऑफिसात कुणी कुणाचं काही काढून घेत नसे. जमा करून घेत. नवा माणूस कामाला लागला की त्याचा पासपोर्ट ड्रॉवरमध्ये जमा. सुट्टीवर गावी निघाला की परत, आला की पुन्हा जमा. कायद्यानं असं ठेवता येत नाही, हे कुवेतात ड्रायव्हरपासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी ड्रॉवर भरलेला असतो. का, असं विचारलं की उत्तर एकच, "हरवशील."

ऑफिस शुवैखला, टायरच्या गॅरेजांच्या वरच्या मजल्यावर. प्रदर्शनांचे स्टॉल उभारायचे, बॅनर छापायचे, व्हिडिओ कापायचे, असला धंदा. मालक कुवेती, महिन्यात कधीतरी डोकावणार. कारभार सगळा मॅनेजरच्या हातात. त्यांना सगळे भाई म्हणत. भाई रायगडच्या खाडीकाठचे, माझ्या चाचाचे बॅचलर खोलीतले जुने सोबती, आणि त्याच ओळखीवर मी तिथे लागले होते. मला व्हिडिओ कापता येत होते ते गावच्या भांडणामुळे. आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर एक जेट्टी येणार होती. तिच्या नकाशात आमचं सुकट वाळवायचं खळं 'पडीक' म्हणून दाखवलेलं. त्यावर आम्ही पोरापोरींनी पत्रकं काढली, मग व्हिडिओ काढले. पत्रक एका पानात मावलं पाहिजे आणि एसटीची वाट बघणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या वाचता आलं पाहिजे, हे माझं सगळं शिक्षण. जेट्टी झालीच. खळं गेलं. घरच्यांनी मला कुवेतला धाडलं, म्हणजे तरी तोंड बंद राहील म्हणून.

तर एक काम आलं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका देशाचं सरकार इथल्या गुंतवणूकदारांना आपलं नवं बंदर दाखवणार होतं. हॉटेलचा हॉल, मोठे पडदे, खजूर, कॉफी. आणि सोबत आणणार होतं आपल्या देशातली व्हिडिओ करणारी तरुण पोरं. सरकारी योजनेतून त्यांना कॅमेरे मिळालेले, शिक्षण मिळालेलं, आणि त्या बदल्यात देशाची प्रगती जगाला दाखवायची. सरकारांचं हल्ली असंच आहे. आपल्याकडचंही वेगळं नाही. विकास कुठवर आला ते नंतर बघू, आधी तो एखाद्या गोड पोरीच्या तोंडून ऐकू आला पाहिजे.

त्या सरकारचा एक सल्लागार आधी येऊन बसला. सूट असा की शुवैखची धूळ त्याला शिवायला घाबरावी. तो भाईंना म्हणाला, "सगळ्यांनी एका सुरात बोलायला हवं. कार्यक्रम संपेपर्यंत पोरांची व्हिडिओची खाती तुमच्याकडे. काय टाकायचं ते तुम्ही टाकाल. आणि जुनं, या विषयाला धरून नसलेलं, ते साफ करून घ्या."

"होऊन जाईल, जनाब," भाई म्हणाले. "जमा करून घेतो."

भाईंना त्यात काही खटकलं नाही. का खटकावं? ड्रॉवर होताच, त्यात अजून चार वस्तू.

मला म्हणाले, "तू जा. तुझं इंग्रजी बरं, आणि पोरगी पोरीशी नीट बोलते. गोडीत घे."

हॉटेलच्या लॉबीत बाकीच्या पोरांनी पटापट लॉगिन लिहून दिले. एक तर माझ्याबरोबर सेल्फी काढून गेला. शेवटी एक पोरगी राहिली. डोक्याला पिवळा रुमाल, फोनची काच कोपऱ्यात तडकलेली, आवाज मासळी बाजारात कमावलेला. आल्या आल्या तिनं मला 'दादा' म्हटलं, आणि मी दचकले तेव्हा सांगितलं की त्यांच्या भाषेत दादा म्हणजे बहीण.

"हे परत कधी?" तिनं विचारलं.

"कार्यक्रम झाल्यावर."

"असं कोण म्हणतं?"

"आमचे मॅनेजर."

"आणि जे पुसून टाकाल, तेही परत?"

तिनं फोन माझ्यासमोर धरला. समुद्रकिनारा, बांबूच्या माच्यांच्या ओळी, त्यांवर बोटाएवढे चंदेरी मासे, आणि ते हातांनी परतणाऱ्या बायका. त्यातली एक तिची आई. असे कितीतरी व्हिडिओ. कधी बायका गातायत, कधी भांडतायत, कधी पावसाच्या भीतीनं मासे गोळा करतायत. आणि प्रत्येकाच्या शेवटी ही कॅमेऱ्यात बघून एकच विचारते, "बंदर आलं की ह्या कुठे जाणार?"

बंदराच्या नकाशात तो किनारा कोरा होता. रिकामी वाळू. त्या बायकांकडे ना पट्टा, ना पावती. पिढ्यानपिढ्या त्या तिथे मासे वाळवतात याचा जगात एकच पुरावा, या पोरीचं खातं. ते साफ झालं की किनारा नकाशासारखाच कोरा.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बहिष्कार घाल या कार्यक्रमावर. मी पत्रक लिहिते, आत्ता लिहिते. 'बंदर चालते व्हा'..."

"बंदर नको असं कोण म्हणालं?" तिनं मला मधेच तोडलं. "माझा भाऊ वेल्डर आहे, काम नाही म्हणून घरी बसलाय. व्हिडिओ कापायला मला सरकारनं शिकवलं. आमच्या गल्लीत दुसरं कोण येणार होतं शिकवायला? मला बंदरही हवंय आणि उत्तरही हवंय. तुझ्या घोषणा तुझ्याजवळ ठेव."

मग तिनं विचारलं, "तुझा पासपोर्ट कुठंय?"

"ऑफिसात."

"ऑफिसात म्हणजे?"

"जमा आहे."

ती इतक्या मोठ्यानं हसली की काउंटरवरचा माणूस मान वर करून बघायला लागला. "आणि तू माझ्याकडे मागायला आलीस होय, दादा!"

हिणवायला तो शब्द दोन्ही भाषांत चालतो.

शुवैखला परत आले तेव्हा भाई चहा ओतत होते.

"मिळालं सगळ्यांचं?"

"आधी माझा पासपोर्ट द्या."

"सुट्टी पायजे?"

"सुट्टी नको. पासपोर्ट पायजे."

"कशाला गो?"

"माझा आहे म्हणून."

भाईंनी कप खाली ठेवला. "अगो, तुझ्या चाचानं तुला माझ्या भरवशावर आणलंय. तुझी वस्तू माझ्याकडे अमानत आहे, अमानत. मी काय ती विकून खातोय?"

"अमानत मागितली की परत द्यायची असते ना, भाई?"

अमानत हा शब्द आमच्यात हलका नाही. गावी एखादी बाई शेजारणीकडे दागिना ठेवून मुंबईला जाते. परत येऊन दारात उभी राहिली की शेजारीण का, कशाला, असं विचारत नाही. आत जाते आणि डबा आणून देते. नाही दिला, तर तिला चोर म्हणत नाहीत, त्याहून वाईट म्हणतात. भाईंनी तो शब्द वर्षानुवर्षं ड्रॉवरवर झाकणासारखा ठेवला होता. त्यांच्याकडे कुणी मागितलंच नव्हतं.

"मला दीन-इमान शिकवतेस?"

"शब्द तुम्ही काढलात."

त्यांनी ड्रॉवर असा ओढला की तो निम्मा बाहेर आला. माझा पासपोर्ट शोधून टेबलावर आपटला. "घे. हरवलास तर रडत येऊ नको. आणि त्या पोरीचं खातं?"

"तिनं दिलं नाही. मी पुन्हा मागणार नाही. आणि ज्यांनी दिलंय त्यातलं काही कुणी पुसलं, तर ती अमानत राहत नाही, भाई."

"मालकाला काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

"नाव सांगा म्हणे! इथे राहायचा परवाना, इकामा, मालकाच्या हातात आणि ही नाव सांगा म्हणतेय!"

त्यांनी मला त्या कामावरून काढलं आणि स्वतः हॉटेलात गेले. परत आले ते घाम पुसत. "तुझ्याहून भारी आहे ती," एवढंच म्हणाले.

सल्लागारानं मात्र वेळ घालवला नाही. तिला स्टेजवरून काढलं, योजनेतून काढलं, सरकारी कॅमेरा परत घेतला आणि परतीच्या विमानापर्यंत तुझी सोय तूच बघ म्हणून सांगितलं. देशाची प्रगती दाखवायला आणलेली पोरगी भर उन्हात बॅग घेऊन फुटपाथवर. मी तिला टॅक्सीत घातलं आणि मिरकाबला, चाचाच्या फ्लॅटवर आणलं.

चाचा मीना अब्दुल्लाला एका ठेकेदाराकडे फिटर आहे. त्यानं तिच्यासमोर काही तोंड उघडलं नाही. माझ्यासमोर उघडलं. "तुझ्या पायी माझी नोकरी जायची. आम्ही इतकी वर्षं पासपोर्ट कंपनीत ठेवला, आमचं काय झिजलं?"

चाची ओट्याशी होती. तिनं मागे वळूनही बघितलं नाही. "तुमचे अब्बा गेले तवा दिलानी काय येळेवर?"

चाचा उठून बाल्कनीत गेला. त्याच्या अब्बांच्या मातीला तो पोचला नव्हता. मला हे माहीत होतं, पण कारण विमानाचं तिकीट आहे असंच मी आजवर समजत होते.

चाचीनं जवळा काढला. गावाहून आलेला, इमारतीत वासाची तक्रार होते म्हणून पिशवीत पिशवी घालून ठेवलेला. तव्यावर कांद्यात तो पडला तशी ती पोरगी बाहेरच्या खोलीतून उठून आत आली आणि नाक वर करून उभी राहिली. मग न विचारता तिनं डब्यातला चिमूटभर कोरडा जवळा उचलून तोंडात टाकला.

"काय गो, तुमच्यात पन वालत घालतात?" चाचीनं विचारलं. मी भाषांतर केलं. तिनं फोन काढून माच्यांचा व्हिडिओ दाखवला. चाची कालथा हातात धरून शेवटपर्यंत बघत राहिली. पोरगी कॅमेऱ्यात बघून जे विचारते ते मी सांगितलं. तेव्हा चाची जी सुरू झाली ती थांबेना, आणि त्या पोरीनं फोन उलटा करून कधी रेकॉर्डिंग लावलं ते आम्हा दोघींना कळलं नाही.

"आमचा खला पन पडीकच लिवलानी. सायब आले, चष्मा लावून बगितलानी, म्हनले हितं कोन नाय. अरे, कोन नाय तर ह्यो जवला कुटनं आला? आभालातनं पडला? माज्या सासून वालवला, तिच्या सासून वालवला. त्या मानसं नव्हत्या काय?"

पत्रकं लिहून लिहून माझी बोटं झिजली होती. इतकं सरळ मला कधी लिहिता आलं नव्हतं.

तिनं तो व्हिडिओ स्वतःच्या खात्यावर टाकला, मी सांगितलेल्या अर्थावरून खाली आपल्या भाषेत ओळी देऊन. जेवून हात धुतो तोवर त्या किनाऱ्यावरून उत्तरं यायला लागली. एक तिच्या आईच्या आवाजात होतं. काय म्हणते, मी विचारलं.

"म्हणते, बाई खरं बोलते, पण कांदा फार घालते."

चाचीला हे सांगितलं तर तिला राग आला. "तिला म्हनावं, येऊन करून दाव."

संध्याकाळी भाईंचा फोन. "तो सल्लागार विचारतोय, कुवेतमधली ही बाई कोण?"

"सांगा, खळ्यावरची आहे."

"माझी मस्करी करू नको. मला फासावर देशील तू." मागे हॉलमधलं संगीत ऐकू येत होतं. फोन ठेवता ठेवता आवाज खाली आणून म्हणाले, "बाकीच्या पोरांची खाती परत दिली मी. काही पुसलेलं नाही. तू म्हणालीस म्हणून नव्हे, समजलीस?"

समजले. मालकानं मला व्हिडिओवरून काढून बॅनर कापायला बसवलं आहे, आणि इकामा पुढे वाढवायचा की नाही ते नंतर बघू असं कळवलं आहे. बघू दे. मी कात्री चालवते. पासपोर्ट माझ्या बॅगेत आहे आणि अजून हरवलेला नाही. माझ्यानंतर ड्रायव्हरनं त्याचा मागितला, मग स्टॉलच्या सुतारांनी. भाई प्रत्येकावर ओरडले आणि प्रत्येकाला दिला.

ती गेली. आता सरकारी कॅमेरा नाही, योजना नाही, तडकलेल्या काचेचा फोन आहे. परवा तिनं नवा व्हिडिओ टाकला. बंदराची मोजणी करणारे लोक किनाऱ्यावर आलेत, खुंट्या ठोकतायत. एक खुंटी नेमकी तिच्या आईच्या माचीखाली. ही विचारते, "ह्या कुठे जाणार?" मोजणीवाला पोरगा तिच्याच वयाचा. तो म्हणतो, नकाशात इथे कुणी नाही. ती म्हणते, मग बघ. कॅमेरा हलवत नाही. तो बघतो. माच्या, बायका, मासे, एका बाईच्या पाठीवर झोपलेलं मूल. आजूबाजूच्या बायका आपापले फोन काढून त्याच्यावर धरतात. तो साहेबाला फोन लावतो आणि सांगतो, "सर, इथे माणसं आहेत." पलीकडून काय उत्तर येतं ते ऐकू येत नाही. बराच वेळ तो नुसता "हो सर, हो सर" करतो. मग वाकतो, माचीखालची खुंटी हलवून हलवून उपटतो, वाळू झटकतो आणि गाडीकडे चालू लागतो.

तेवढ्यात तिची आई त्याच्यामागे ओरडते. खाली ओळ दिलेली आहे. "खड्डा कोण बुजवणार?"

तो परत येतो आणि पायानं वाळू ओढून खड्डा बुजवतो.