थर्मामीटरवाले काका

मिनेसोटातल्या माळावरच्या तळ्यावर आम्ही मराठी मंडळी रविवारी जमायचो, आणि एक काका दोरीने थर्मामीटर पाण्यात सोडायचे. मे महिन्यात पाणी गार, जुलैत वर कोमट पण खाली गार, ऑगस्टात शेवाळ. काकांच्या मते पोहण्याजोगा दिवस कधी निघालाच नाही. स्वतः ते पायातले मोजेही काढत नसत. गावच्या विहिरीत पोहून वाढलेली मी लाजेने काठावर बसून पोळ्या वाढायची.

सप्टेंबरात दोरी तुटली. लाकडी चौकटीतला थर्मामीटर वाऱ्याने तळ्यात दूर निघाला.

"अरे, कुणीतरी पकडा!" काका ओरडले. कोणी हलेना. मी पदर खोचला, पोहत गेले आणि तो आणून दिला.

काकांनी चष्मा पुसून आकडा वाचला. "अडुसष्टच फॅरनहाइट! वहिनी, यात पोहता येत नाही."

साडीतून पाणी निथळत होतं. मी वळले आणि पुन्हा तळ्यात शिरले.