एकसष्ट मेंढ्या कातरल्याबाबत

अर्जदार: मी स्वतः, अकोल्यात कचेरीबाहेर निंबाखाली बसणारा अर्जनवीस; शिक्षण मराठी सहावी. ज्याच्याकरिता लिहितो: हिवरखेडकडील एक मेंढपाळ, आता मयत. काळ: दहा-बारा वर्षांपूर्वीची, दिवाळीनंतरची कातरणी. साक्षीदार: ज्यांच्या वावरात मेंढ्या बसल्या होत्या ते कास्तकार, आणि मोजणीस उभे असलेले पशुवैद्य. नावे मला ठाऊक आहेत. घरच्यांना विचारले नसल्याने येथे घालत नाही.

त्या दिवशी एका वाटणीच्या कागदासाठी मी त्या गावी होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिले. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत या गृहस्थाने एकट्याने एकसष्ट मेंढ्यांची लोकर उतरवली. एका दिवसात चाळीस मेंढ्यांच्या पुढे कोणी गेल्याचे गावातील वृद्धांना स्मरत नव्हते. इतर लोक मेंढीचे पाय बांधीत. हा बांधीत नसे. तिला गुडघ्यांत टेकवून बसवी आणि डाव्या हाताची बोटे कातरीच्या टोकापुढे कातडीवर दाबून ठेवी. कातर चुकली तर बोट कापे, मेंढी नाही. पशुवैद्यांनी एकेक मेंढी तपासली. एकीलाही ओरखडा नव्हता. लेखी अर्ज आल्यास वरच्या कचेरीत नोंद होऊन प्रशस्तिपत्र मिळेल, असे ते म्हणाले.

अर्ज मीच लिहिला. ‘मेंढ्या कातरल्या’ हे शब्द मला सरकारी कागदास हलके वाटले. मी ‘एकसष्ट मेषांचे एकहाती कर्तन केले’ असे लिहिले.

वरच्या कचेरीचे उत्तर अमरावतीहून आले. ते घेऊन तो माझ्यासमोर बसला आणि मी वाचून दाखवले: एकसष्ट मेंढ्या कापल्याची नोंद घेतली आहे, कत्तलीचा परवाना तात्काळ सादर करावा.

त्याने कागद माझ्या हातातून घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाला, “म्या कातरले, मुनशीजी. कापले कवा?”

“कर्तन म्हणजे कातरणेच. संस्कृत शब्द आहे.”

“मंग परवाना संस्कृतात मांगून राह्यले का ते?”

“मी खुलासा लिहितो, मामा.”

“लिवा. पन या बारीनं मले समजन असं लिवा. माहे मेंढरं वावरात चरून राह्यले, त्यायलेच इचारा म्हना.”

खुलासा गेला. परवान्याची मागणी थांबली. नोंद तशीच राहिली. हाटात ओळखीचे लोक त्याला विचारू लागले, “काहो मामा, आज किती कापले?” तोही हसे. परंतु पुढे जेव्हा जेव्हा अकोल्यास आला, तेव्हा निंबाखाली येऊन एवढेच सांगून गेला: “कागद नाई भेटला तरी चालते. तेवढं कापल्याचं खोडून आना.” मी तीन स्मरणपत्रे पाठवली. उत्तर नाही.

गेल्या हिवाळ्यात तो वारला. आज त्या पट्ट्यात कातरणीला मेंढीचे पाय कोणी बांधत नाही. त्याची मुलगी गुडघ्यांत मेंढी धरून बसते आणि आसपासचे मेंढपाळ तिच्याकडे शिकायला येतात. चूक माझ्या शब्दाची होती, हे मी येथे लेखी कबूल करतो.

सबब विनंती की, सदर नोंदीतील ‘कापल्या’ हा शब्द खोडून तेथे ‘कातरल्या’ असे लिहावे, खोडल्या जागी सही करावी, आणि तसे झाल्याचे लेखी उत्तर मयताच्या मुलीस, तिला वाचता येईल अशा साध्या मराठीत, कळवावे.