बँडच्या वर्द्यांचे टेलर

लष्कर मोहल्ल्यात माझं शिवणाचं दुकान आहे. मी मूळचा कोट शिवणारा कारागीर. खांदा असा बसवायचो, की गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाही. पण मुलगा मार्केटिंग शिकून आला आणि म्हणाला, "अप्पा, सगळंच शिवणारा टेलर कुणाच्याच लक्षात राहत नाही. एकच काम धरा." त्या दसऱ्याला मी एका बँडच्या लाल वर्द्या शिवल्या होत्या. त्याने तेच धरलं आणि मोठी पाटी रंगवून घेतली: 'बँडच्या वर्द्यांचे टेलर'.

नाव झालं, खोटं कशाला बोलू? पार हुणसूरहून बँडवाले यायला लागले. पण एकदा एक वकील काळा कोट शिवायला आले, पाटी वाचली आणि पायरीवरूनच वळले. मी ओरडलो, "साहेब, कोटही शिवतो!" ते हसून म्हणाले, "नको, मला कोर्टात जायचंय."

आता पाटी उतरवली तर बँडवाले जातील, आणि कोटवाले काही परत येणार नाहीत.

यंदा मुलाचं लग्न ठरलं. मी भारीतलं कापड आणलं, टेप गळ्यात अडकवली आणि त्याला म्हटलं, उभा राहा. तो बसूनच राहिला.

"अप्पा, राग मानू नका. सूट मी बाहेर शिवायला टाकलाय. फोटोत लोक म्हणतील..."

लग्नाच्या वरातीत तो परक्या हाताच्या सुटात होता. माझं शिवण त्याच्या पुढे चाललं होतं, बँडवाल्यांच्या अंगावर.