नागडी टाकी

"दुसरी हाय का तुझ्याकडं?"

"दुसरी कशाला? हीच तर घासून पायजे."

"घासतो की. पर तंवर वढशील काय? माझी दाढी?"

अरिस्तिदिस हा आर्ताचा बस ड्रायव्हर. ग्रीसमधल्या यानिनाच्या स्टँडवर बस लावून, घाम पुसत, गल्लीचा चढ चढून आला होता. त्याच्या हातात अंगठ्याएवढी पोलादी टाकी होती, वाफ ओढायची. ती आरशासारखी करून हवी होती, गळ्याशी चांदीची पट्टी घालून. चांदीवाला झिसिस मात्र ती हातात घेईना. त्यानं फळीखालून हलव्याचा जुना पत्र्याचा डबा काढला, झाकण उचकटलं आणि आतली एक टाकी पुढं सरकवली. ओबडधोबड, अंगावर लेथच्या रेघा तशाच.

"तुझी तयार होईस्तवर ही वापर. न्हाईतर तुझी खिशात घाल आनि चालता हो."

"उस्ताद, ही तर नागडी हाय! बसमधली मानसं म्हनतील, ड्रायव्हर खिळा चोखतोय."

"आर्तावाल्यांना लोक काय बी म्हनत्यात. त्यात काय नवं?"

दारातल्या स्टुलावर झिसिसचा थोरला भाऊ व्हायोस सिगरेट ओढत बसला होता. तो हसला. "घे बाबा, घे. ह्याच्याकडं पाद्रीबाबा मूर्तीची चांदी उजळायला घेऊन आला, तर ह्यो त्यालाबी उसना देव दिऊन धाडंल." आणि हसता हसता खोकला लागला. 

झिसिसचा बाप चांदीवाला, आजा चांदीवाला. किल्ल्याखालच्या गल्लीतलं हे दुकान एके काळी नवरीच्या कंबरपट्ट्यांवर चालायचं. मग मुलींनी लग्नात पट्टे घालायचे सोडले. देवळातले दिवे विजेचे झाले. झिसिस माश्या मारत बसला असता, पण सिगरेट सोडणाऱ्यांचं हे नवं खूळ निघालं. टाकी उघडायची, आत तारेची वेटोळी आपल्या हातानं वळून बसवायची, वेटोळीतून कापसाची वात ओवायची, वरून निकोटिनचा रस घालायचा, खाली बॅटरी जोडायची आणि ओढायची. ज्यानं त्यानं आपली टाकी आपल्या हातानं लावायची, म्हणून जो तो तिला बायकोपेक्षा जास्त जीव लावायचा. थेस्सालोनिकीचा एक लेथवाला कच्ची टाकी कातून पाठवायचा आणि झिसिस तिला रूप द्यायचा. कुणाला आरशासारखी, कुणाला तळ्यावरच्या धुक्यासारखी मुकी, बिनचकाकीची. जास्त हौस असेल तर चांदीची पट्टी, तिच्यात वेलबुट्टी खोदून धातूचा काळा रस वितळवून भरलेली. ही काळ्या रसाची विद्या बापाची. पार अथेन्सहून माणसं यायची आणि झिसिसचा हात आहे म्हणून मिरवायची.

व्हायोस तळ्यातल्या बेटावर जाणारी होडी चालवतो. दिवसाला दोन पाकिटं त्याची ठरलेली. एका हिवाळ्यात डॉक्टरनं त्याच्या छातीचा फोटो दिव्यावर धरला आणि म्हणाला, "हे बघ. आता तूच ठरव." व्हायोसनं घरी येऊन बायकोला, हाइदोला, काही सांगितलं नाही. ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू होतो त्या सोमवारी त्यानं पाकीट होडीच्या तिकीटवाल्याच्या हातात दिलं आणि भावाच्या दुकानात येऊन बसला.

"झिश्या, मांस न्हाई, अंडं न्हाई, आता धूर बी न्हाई. दे काय तरी."

झिसिसच्या हाताशी होती ती लेथवाल्याची नमुन्याची टाकी. कच्ची, कडेला बोट लावलं तर खरचटेल अशी. तीच त्यानं दिली. दोरखंड आवळून आवळून व्हायोसची बोटं लाकडासारखी झालेली, तरी तो शिकला. होडी बेटाला लागली की उतारू चढेपर्यंत मांडीवर रुमाल पसरून वेटोळी वळायचा, हाइदोच्या नखं कापायच्या कात्रीनं वातीचं टोक कापायचा. उपास पुढं सरकत होता आणि गडी टिकत होता. हाइदो म्हणाली, पडद्यांचा वास गेला. पाद्रीबाबा म्हणाला, एवढा कडक उपास आख्ख्या यानिनात कुणी केला नसेल. ईस्टरपर्यंत निभला असता तर सुटलाच होता.

आणि इथंच झिसिसला दुर्बुद्धी सुचली.

एकदा तो भावाच्या होडीतून बेटावर निघाला होता. एका प्रवासी बाईनं विचारलं, हे काय ओढता? व्हायोसनं ती नागडी टाकी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. म्हणाला, "माझ्या भावानं दिलीय. चांदीवाला हाय त्यो." होडीतली माणसं वळून झिसिसकडं बघायला लागली. झिसिसला वाटलं, तळ्यात उडी घ्यावी.

धक्क्याला उतरताना त्यानं हात पुढं केला. "दादा, दे ती हिकडं. दोन दिसांत करून देतो."

"ऱ्हाऊ दे रं. म्या तिच्याकडं बघत न्हाई, वढतो."

"झावळ्यांच्या रविवारी तुझ्या नावाचा सण, नामदिवस. घरभर पाव्हनं येनार. चांदीवाल्याच्या भावाच्या हातात असला खिळा? माझी तरी लाज राख."

धाकट्याचा हट्ट कुठला थोरला मोडतो? दिली त्यानं.

दोन दिवस कधीच उलटून गेले. अंग आरसा झालं, तेव्हा त्यात केसाएवढी रेघ दिसली. ती काढायची म्हणजे सगळं उतरवून पहिल्यापासून घासायचं. तोवर पट्टीतला काळा रस फुगला, तो वितळवून पुन्हा भरायचा. दुसऱ्या गिऱ्हाइकाला ही रेघ दाखवूनसुद्धा दिसली नसती. पण हे भावाचं काम होतं. हाइदोचा फोन आला.

"भावजी, असंल ती द्या हो एखादी! घरात वाघ फिरतुया."

"उद्या वैनी. उद्या नक्की."

खरी बोच आहे ती इथं. ड्रॉवरमध्ये एक टाकी पडलेली होती. स्वस्तातली, उघडून बघायला म्हणून घेतलेली, अंगावर कवटीचं चित्र. चांगली चालायची. झिसिसनं ती उचलली, कवटीकडं बघितलं. मनात म्हणाला, ही धरून दादा होडीवर उभा राहिला तर लोक काय म्हणतील? आणि ड्रॉवर लावून टाकला.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधल्या रविवारी, तो निळ्या मखमलीची डबी घेऊन भावाच्या घरी गेला. उपासातही त्या दिवशी मासा चालतो; तळलेल्या कॉड माशाचा आणि लसणाच्या ठेच्याचा वास जिन्यापर्यंत आला होता. पाहुणे जेवायला बसले होते. यजमान मात्र गच्चीत होता. झिसिसला बघताच व्हायोसनं हात पाठीमागं लपवला, शाळकरी पोरासारखा. पाठीमागून धूर वर आला.

"येकच हाय," तो म्हणाला. "कुंबाऱ्यानं दिली. येकच."

कुंबारा म्हणजे त्याच्या लग्नाचा साक्षीदार. बिचाऱ्यानं नामदिवसाचं म्हणून पाकीट पुढं केलं होतं, त्याला काय ठाऊक?

डबी उघडली आणि टाकी हातोहात फिरली. तिच्यात बघून बायकांनी केस नीट केले. कुंबारा म्हणाला, ही तोंडात घालायची की देव्हाऱ्यात ठेवायची? व्हायोसनं भावाच्या गालांचे मुके घेतले. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता.

नंतर त्यानं ती वापरून बघितली, नाही असं नाही. पण होडीवर हात डिझेलनं, पाण्यानं ओले. नागडी होती तेव्हा लेथच्या रेघा बोटांना धरून ठेवायच्या. ही आरशासारखी, बोटांतून निसटायची. पहिल्याच दिवशी फळकुटावर आपटली. मग रुमालात गुंडाळली, मग घरीच ठेवली. आता हाइदोच्या काचेच्या कपाटात लग्नाच्या मुकुटांशेजारी उभी असते. सणाला पुसते ती.

"दादा, तसलीच नागडी दुसरी दिऊ?" झिसिसनं नंतर विचारलं होतं.

"आता न्हाई रं. मन उठलं."

तेव्हापासून फळीखाली हा हलव्याचा डबा आहे. ज्याच्याकडं एकच टाकी, त्याची झिसिस उसनी दिल्याशिवाय घेत नाही. गिऱ्हाईक हसो, रुसो, परत जावो.

अरिस्तिदिसनं रुसून बघितलं आणि शेवटी त्यानं नागडी टाकी आपल्या बॅटरीवर चढवली. एक झुरका मारला, मग दुसरा.

"वढायला ब्येस हाय की!"

"मंग? वढायलाच असतीया ती."

"माझी कवा मिळंल?"

"हुईल तवा. तुझं काय अडलंय आता?"

तो धूर सोडल्यासारखी वाफ सोडत गल्ली उतरून गेला. व्हायोस त्याच्या पाठीकडं बघत राहिला.

"झिश्या, तवा ह्यो डबा असता तर..." तो म्हणाला आणि त्याला परत खोकला लागला. पुढचं त्यानं कधीच पुरं केलेलं नाही. झिसिसला ते पाठ आहे.

खोकला ओसरला तसा झिसिसनं डबा दाराकडं नेला, रोज नेतो तसा. "घे की येक."

"ईस्टर हू दे."

"कंचा?"

"यील की येखादा." व्हायोसनं थोटूक उंबऱ्यावर विझवलं, गुडघ्यांवर हात दाबून उठला. "चल, बेटावरची मानसं ताटकळली असतील."

झिसिसनं झाकण दाबून बसवलं आणि डबा फळीखाली सारला. अरिस्तिदिसची टाकी उघडली. जळकी वात चिमट्यानं ओढून काढली, रबरी कडी बाजूला वाटीत ठेवली, आट्यांना चिकटपट्टी गुंडाळली. गल्लीत अजून खोकला ऐकू येत होता, कोपऱ्यापर्यंत पोचलेला. त्यानं चष्मा चढवला आणि घासायचं चाक सुरू केलं.